सुधावहिनी आणि दादाच्या पोटातले बिऱ्हाडकरू

दादाचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकून पडलो होतो. दुपारची वेळ, पुढे कुठेतरी ट्रेलर बंद पडलेला आणि आजूबाजूचे सगळे इंजिनं बंद करून मोबाइल बघत बसलेले. "विनू, सुधा गेली रे," दादा म्हणाला. "जेवली, मला म्हणाली जरा पडते... आणि उठलीच नाही." मग त्यानेच विचारलं, "तू जेवलायस ना?" डोंबिवलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. वाटेत रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, एकदोनदा हसूही आलं. सुधावहिनीला जाऊन आता दीड महिना होत आला, आणि ते हसू का आलं हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुधावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीकांतदादाची बायको. कल्याणच्या एका कॉलेजात तिने आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. उंचीने बेताची, आवाजाने दणदणीत, आणि डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांवर तिचं इतकं प्रेम की आमची आई म्हणायची, या बाईने माणसाशी लग्न केलं हेच नवल. आता दादाने जेवणाची चौकशी केली यात विशेष ते काय, असं कुणालाही वाटेल. पण वहिनी आमच्या घरात आली त्या काळात दादा जेवणाबद्दल अवाक्षर काढत नसे. कारण तेव्हा आमच्या घरात अमीबा राहत होता.

झालं होतं असं, की कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर दादाने एकदा शहाडला गाडीवर काहीतरी खाल्लं आणि त्याला जबरदस्त आव झाली. औषधं झाली, तो बरा झाला, आणि त्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून केलेल्या तपासणीत अमीबाचे कोश आहेत असं निघालं. पुन्हा औषध, पुन्हा तपासणी, पुन्हा कोश. तेव्हापासून दादाचं पोट हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा विषय झाला. त्याच्यासाठी मऊ भात वेगळा, ताकात सुंठ, सकाळी बेलाचा मुरांबा, रात्री कुटजारिष्ट. पाणी उकळून, गाळून, निववून, फिरकीच्या तांब्यात भरून. आम्ही मूळचे कोकणातले, माशावर जगणारे, आणि घरात बांगडा आला की दादा खिडकीकडे तोंड करून बसायचा. पाहुणे आले की तब्येतीची चौकशी दादाची नाही, अमीबाची व्हायची. "काय म्हणतोय अमीबा?" "शांत आहे सध्या." डोंबिवलीत तेव्हा घरटी एकाला तरी हा आजार असायचा आणि लोक तो पदवी मिळवल्यासारखा सांगायचे. मी मात्र त्या काळात दुप्पट खाल्लं. दादाच्या वाट्याचे बांगडे वाया कसे जाऊ द्यायचे?

वहिनीची आणि दादाची गाठ पडली तीही अमीबामुळेच. तिच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. तिने मोठ्या कागदावर अमीबाचं सगळं चक्र रंगवून लावलं होतं, माणसाच्या पोटात तो जातो कसा, राहतो कसा, बाहेर पडतो कसा. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. दादा एकटाच त्या चित्रासमोर खिळून उभा राहिला. तिने त्याला समजावून सांगितलं, तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "माझ्या कुठल्याही चित्रासमोर कुणी इतका वेळ उभा राहिला नव्हता," वहिनी नंतर सांगायची. "मला वाटलं, किती जिज्ञासू मुलगा! याचा जीव आतून टांगणीला लागलाय हे मला काय माहीत!" वर्षभरात त्यांनी लग्न ठरवलं.

वहिनीचं माहेर ठाण्याचं, खाडीकाठचं जुनं गाव. भातशेती आणि मिठागरं असलेली माणसं. तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, उभं आयुष्य उन्हात मीठ ओढलेले. तिच्या आईला अख्खं गाव बय म्हणतं. वहिनी त्या घरातली पहिली पदवीधर, आणि लग्न जातीबाहेरचं. आमच्या आईने चार दिवस तोंड फिरवलं आणि पाचव्या दिवशी मानलं. तिकडे आबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. लग्न गोडीत झालं. मग आली पहिली दिवाळी, आणि जावयाचा दिवाळसण.

दिवाळसणाला जावई सासरी जातो तो पाहुणचार घ्यायला. बयने दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. चिंबोऱ्यांचा रस्सा, खाडीतले बोईट मासे, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. सगळी भावकी जावई बघायला जमलेली. आणि आमचे जावईबापू पाटावर बसले, पिशवीतून स्टीलचा डबा काढला, मऊ भात ताटात घेतला आणि शेजारी फिरकीचा तांब्या ठेवला. मी त्याच्यासोबत गेलेलो. त्याच्या चेहऱ्यावर नम्रपणा इतका होता की काय सांगू. आपण सासुरवाडीला त्रास देत नाही आहोत, असंच त्याला मनापासून वाटत होतं. बय हातात रश्श्याचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मी सगळ्यांचं मन राखायला म्हणून खूप खाल्लं, पण दिराच्या खाण्याने जावयाची जागा कशी भरणार?

दोनच दिवसांनी आबांनी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, ते तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. "पोरी, तुजा नवरा आमचे घरचा पानी पन पीत नाय. आमी मिठागरावरची मानसं म्हनून काय?" वहिनीने परोपरीने सांगितलं, त्यांच्या पोटात आजार आहे. आबा म्हणाले, "आजारी मानूस असा लाल गोरा असतो?" आणि विषय संपवला. पण बय त्यानंतर लेकीकडे डोंबिवलीला यायची जवळजवळ बंद झाली. आली तरी दारातून भाजी देऊन जायची, चहाही घ्यायची नाही. तुम्ही आमचं खात नाही, आम्ही तुमचं कसं खाऊ, असा सरळ हिशोब. वहिनीला ते फार लागलं, पण तिने कुणाला दाखवलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या नवऱ्याने आपल्या आईच्या हातचं एकदा पोटभर जेवावं. वाद घालून ते होणार नव्हतं. दादा भित्रा होता, आणि भीतीला कोण समजावणार? तेव्हा वहिनीने ठरवलं, की मुळात हा अमीबा कोण आहे ते आपण स्वतः बघायचं.

एका सकाळी तिने दादाच्या हातात रुंद तोंडाची काचेची बाटली दिली आणि काय हवं ते सांगितलं. दादा कानापर्यंत लाल झाला. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती बाहेर आली. "अगं, लग्नाला वर्ष नाही झालं, आणि नवऱ्याकडे मागतेस काय? साडी माग, बांगड्या माग..." वहिनी म्हणाली, "आई, साडीत काही सापडत नाही." मी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिलो. बाटली एकदाच देऊन भागत नाही, कारण कोश रोज सारखे बाहेर पडत नाहीत. तेव्हा हा सोहळा त्या आठवड्यात बरेचदा झाला, आणि दादा दर वेळी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून रबर लावून, प्रसाद दिल्यासारखी दोन्ही हातांनी द्यायचा.

रविवारी तिने आम्हाला दोघांना कल्याणला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. रिकामी खोली, फॉर्मेलिनचा वास, बरण्यांतले बेडूक. तिने काचपट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना मिसळला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि मायक्रोस्कोपाला डोळा लावला. मला वाटलं, आता काहीतरी भयंकर दिसणार. पण तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. लहान मूल पतंग बघतं तसं ती बघत होती. एक बोट सारखं बारीक फोकसच्या चकतीवर, पुढे मागे, पुढे मागे. मग तिने मला बसवलं. पिवळट, गोल, छान काचेच्या गोटीसारखं काहीतरी, आणि आत चिमुकल्या कड्या. "किती दिसतात?" तिने विचारलं. मी मोजल्या. चार. "आता चकती अगदी हळू फिरव." मी फिरवली. त्या चार पुसट झाल्या आणि खालून दुसऱ्या वर आल्या, पाण्यातून मासे वर यावेत तशा. एकूण आठ होत्या.

मग तिने फळ्यावर काढून समजावलं. त्या कड्या म्हणजे केंद्रकं. माणसाला आव करणारा जो अमीबा, त्याच्या पिकलेल्या कोशात केंद्रकं चार. आणि त्याचा एक थोराड भाऊबंद असतो, तोही माणसाच्याच मोठ्या आतड्यात राहतो, त्याच्या कोशात आठ. हा दुसरा अगदी साधा. तिथले जीवाणू खातो, पडून राहतो, घरमालकाला कसलाही त्रास देत नाही. पण कोश म्हणजे चेंडू. त्याच्या आतली केंद्रकं एका पातळीवर नसतात, काही वर, काही खाली. घाईत एकाच पातळीवर बघितलं की आठातली चारच दिसतात. "तुझ्या दादाच्या पोटात चोर नाहीत," वहिनी म्हणाली, "गरीब बिऱ्हाडकरू आहेत. जुनी आव खरी होती, ती औषधाने गेली. त्यानंतर सगळे जण यांनाच चोर समजून धरतायत."

दादाने मायक्रोस्कोपात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मला चारच दिसतात." वहिनीने त्याचं बोट धरून चकतीवर ठेवलं, फिरवून दाखवलं. "हो, दिसतात... पण हे आजचे असतील. जुने वेगळे असतील." घरी आल्यावर आईनेही तेच म्हटलं. इतकी वर्षं आपण कुटजारिष्ट दिलं ते काय उगाच? आणि मला त्या दिवशी कळलं, की दादाला आजार जितका धरून होता तितकाच दादाही आजाराला धरून होता. त्याच्यामुळे त्याला कुठे जावं लागत नव्हतं, कुणाला हो म्हणावं लागत नव्हतं. वहिनी त्या दिवशी त्याच्याशी भांडली नाही. नुसती म्हणाली, "बरं," आणि काचपट्टीच्या कडा नेलपॉलिश लावून बंद करू लागली, म्हणजे थेंब सुकत नाही. लग्नात कुणीतरी दिलेलं लालभडक नेलपॉलिश. तिने ते स्वतःच्या नखांना कधी लावलेलं मी पाहिलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत ती दादाला घेऊन माहेरी राहायला गेली, आणि जाताना तिचा स्वतःचा, एम.एस्सी.ला असताना घेतलेला मायक्रोस्कोप मांडीवर धरून नेला. आरशाचा होता तो, वीज लागायची नाही, ऊन लागायचं. मी दोन बॅगा आणि दादाचा तांब्या सांभाळत सोबत. अंगणात पाट मांडून तिने मायक्रोस्कोप ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला आणि ताजी काचपट्टी लावून आबांना हाक मारली. "आबा, या. जावयाचे पोटान काय हाय ता बघा." आबांनी एक डोळा मिटला, वाकले. त्यांना जमायला वेळ लागला, आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या म्हणे. मग डोळा न काढताच विचारलं, "यो जिता हाय?" "हाय." "आन या खातो काय?" वहिनीने सगळं सांगितलं, माहेरच्या बोलीत, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा प्राणिशास्त्र समजलं.

तिने सांगितलं ते असं. कोश म्हणजे कुलूप लावलेली पेटी. घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातातून, कच्च्या पाल्यातून तो पोटात जातो. पोटातल्या आम्लाने त्याला काही होत नाही. लहान आतड्यात गेल्यावर कुलूप उघडतं, आतून इवलेसे अमीबे बाहेर येतात आणि मोठ्या आतड्यात जाऊन बिऱ्हाड करतात. त्यांना पाय नाहीत, तोंड नाही. अंगच पुढे लांबवायचं, तो पाय. अंगानेच वेढायचं, ते तोंड. खरा आव करणारा अमीबासुद्धा बहुतेक माणसांच्या पोटात गुपचूप राहतो. पण कधी काय बिनसतं कोण जाणे, तो आतड्याच्या भिंतीवरच उठतो, जिवंत पेशींचे लचके तोडतो, तोंड लहान आणि पोट मोठं अशा चंबूसारखी जखम करतो. मग रक्त, आव, कळा. कधी यकृतापर्यंत मजल. "पन उकळी आली का त्यो मेला," वहिनी म्हणाली. "उकळीपुढे त्याचा काय चालत नाय." हे शेवटचं वाक्य ती आबांना सांगत होती, पण जरा मोठ्याने, ओटीवर तांब्या घेऊन बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतपत.

आबांना ते सगळं फार आवडलं. भावकीतल्या बायाबापड्या रांग लावून जावयाचा अमीबा बघून गेल्या. दादा ओटीवर मान खाली घालून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात आले ते हातात काडेपेटी घेऊन. "आता माजा बघ," ते म्हणाले. वहिनी आधी नको नको म्हणाली, मग बघायला बसली. चकती पुढे मागे, पुढे मागे. पुन्हा काचपट्टी केली, पुन्हा बघितलं. तिचा चेहरा जरा विचित्र झाला. चार. कितीही फिरवलं तरी चारच. आकारानेही लहान. ज्या आबांनी जन्मभर मिठागरावर मिळेल ते पाणी प्यायलं, चिंबोरी कवचासकट चावली, आणि एक दिवस पोट दुखलं म्हणून आडवे झाले नाहीत, त्यांच्या पोटात आव करणारा चार केंद्रकांचा अमीबा मजेत राहत होता!

तिने ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजे खरा किरा माजे पोटान... आन उपासी जावय!" बय हसली, भावकी हसली. मी तर खांबाला धरूनच. आणि ओटीवर दादा, तो आधी इकडेतिकडे बघत राहिला, आणि मग त्यालाही फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. इतकी वर्षं त्याने मला असं हसून दाखवलं नव्हतं. वहिनी मात्र हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मला तेव्हा समजलं की तिने मायक्रोस्कोप कुणाला काय दाखवायला आणला होता. आबांना पटायला हवं होतं की जावई गर्वाने नाही, भीतीने उपाशी राहतो. ते पटलं होतं. बाकी होतं ते दादाचं.

दुपारी पानं मांडली. बयने कुणाला काही विचारलं नाही. चुलीवरून थेट उतरवलेला रस्सा, अजून खदखदत होता, तो तिने जावयाच्या ताटात वाढला आणि तव्यावरची भाकरी टाकली. डबा पिशवीत होता. सगळे आपापल्या ताटाकडे बघत असल्याचं नाटक करत होते. दादाने रश्श्यातून वाफ येताना बघितली... मग भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग चिंबोरीची नांगी दाताखाली फोडली, तो आवाज मला अजून आठवतो. बय पदराने तोंड झाकून आत गेली. आबांनी आत हाक दिली, "अजून वाढ गो त्याना." वहिनी जेवत होती, तिच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ती ते पुसतही नव्हती. मी लिहितानाही गहिवरतोय, पण त्या वेळी मी पाचवी भाकरी मागितली हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दादाचं पोट दुखलं. अख्खं घर हवालदिल. वहिनीने बाटली मागवली, अंगणात बसून बघितलं आणि निकाल दिला, "अजीर्ण. अधाशासारख्या चिंबोऱ्या खाल्ल्यात, दुसरं काही नाही." आबांना तिने गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला, कारण त्यांना त्रास नसला तरी त्यांच्यापासून दुसऱ्याला होऊ शकत होता. त्यांनी कुरकुरतच घेतल्या. "इतकी वर्सं राह्यला, कवा खोलीचा भारा थकवला नाय. त्याला कशाला हाकलतंस?" त्या पावसाळ्यात बय डोंबिवलीला आली आणि आमच्या घरी आईच्या शेजारी बसून वरणभात जेवली. आई आणि बयची पुढे अशी गट्टी जमली की दोघी मिळून वहिनीलाच नावं ठेवायच्या.

आणि मग दादा खायला लागला. काय खायला लागला म्हणता! मिसळ, भजी, ओल्या नारळाच्या करंज्या, लग्नाच्या पंगती, कारखान्यातल्या मित्रांची कोंबडी. रविवारी दोघं बाहेर पडली की परत येताना वहिनीच्या पर्समध्ये वड्याचा कागद असायचाच. पण कच्च्या चटणीला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. तिने अमीबा निर्दोष ठरवला होता, मोकाट सोडला नव्हता. कॉलेजात दरवर्षी पहिल्या तासाला ती विचारायची, "घरात अमीबा कुणाकुणाला आहे?" अर्धा वर्ग हात वर करायचा. "कुणी पाहिलाय का?" सगळे हात खाली. "मग चला, ओळख करून घेऊ." तिचे विद्यार्थी आज कुठे कुठे पोचलेत, आणि ती गेल्यावर घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने बारीक चकती फिरवण्याची खूण केली, बोटांनी, हवेत, न सांगता.

आबा गेल्यानंतरची गोष्ट. तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, की चार केंद्रकांच्या अमीबातही आता दोन जाती ठरल्यात. मायक्रोस्कोपाखाली हुबेहूब सारख्या, पण एकीने आव होते आणि दुसरी निरुपद्रवी, आणि ही दुसरीच जास्त माणसांत आढळते. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं, की आपण इतकी वर्षं शिकवलं ते अर्धवट होतं. ती फोनवर खुशीत ओरडत होती. "विनू, आबांचाही बहुतेक गरीबच होता रे! मी उगाच गोळ्या दिल्या म्हाताऱ्याला!" आपण चुकलो याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बारीक चकती तिने स्वतःवरही फिरवून बघितली होती.

शेवटची भेटलो तेव्हा तिने मला आंबोळ्या करून घातल्या आणि मी जास्त खातो म्हणून बोलली. नेहमीचंच. निघताना दारात म्हणाली, "बयकडे जात जा रे मधूनमधून. तुझ्या टॉवरपासून दहा मिनिटांवर आहे, आणि तू महिनोन् महिने जात नाहीस." मी हो म्हटलं. मी राहतो ती सोसायटी त्यांच्या जुन्या मिठागरांच्या वाटेवरच उभी आहे. बय आता नव्वदीला टेकली, मुलाबरोबर राहते, जुनं घर गेलं पण नवीन इमारतीत तळमजला तिने हट्टाने मागून घेतला.

वहिनी गेली त्या दिवशी बयला आणलं होतं. ती रडली नाही. लेकीच्या पायाला हात लावून बसून राहिली. नंतर तिच्या मुलाचा मला फोन आला, की बय जेवत नाही. चहा घेते, पाणी घेते, ताट समोर आलं की भूक नाही म्हणते. डॉक्टर झाले, नातवंडांनी मनधरणी केली. मी दादाला सांगितलं. दादा स्वतःच तेव्हा ताटात चिवडत होता, पण रविवारी उठला आणि डोंबिवलीहून थेट तिथे आला. मी आधीच पोचलेलो. त्याने चपला काढल्या, न्हाणीघरात जाऊन साबणाने हात धुतले, नखांपर्यंत, तिने शिकवले तसे, आणि येऊन सरळ स्वयंपाकघरात जमिनीवर बसला.

"बय, मला भूक लागलीय," तो म्हणाला.

सून ताट घ्यायला वळली. दादाने तिला थांबवलं. "नको. यांच्या हातचं पाहिजे." बय भिंतीला धरून उठली, ओट्यापाशी गेली, भात वाढला, वर वालाचं बिरडं घातलं, ताट त्याच्यापुढे ठेवलं. दादाने हात लावला नाही. "तुमचंही घ्या." "तुमी जेवा, मंग मी." "नाही. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. मला सवय आहे उपाशी राहायची, तुम्हाला माहितीये."

बय खाली बसली. "पैला माजे घरचा पानी पन नको होता तुमाना," ती म्हणाली. "आन आता मना जेव म्हनता." आणि तिचा बांध फुटला. लेकीसाठीचं सगळं रडणं तेव्हा आलं. दादाने तिला रडू दिलं, स्वतःही रडला, आणि मग त्याच्या ताटातला भात कालवून तिच्यापुढे सरकवला. एका ताटात दोघं जेवली.

आता दर रविवारी हे चालू आहे. दादा येतो, बय रांधते, सून कटकट करते की या वयात चुलीपाशी कशाला. बयच्या आणि दादाच्या मधली जागा वहिनीची होती. पहिल्या रविवारी ती रिकामी राहिली, ते कुणालाच बघवलं नाही. दुसऱ्या रविवारी बयने मला तिथे बसायला सांगितलं. आता मला दोन्हीकडून वाढलं जातं, आणि मी नाही म्हणत नाही.